प्रौढ अध्ययनार्थ्यांचे मूल्यमापन आणि प्रत्याभरण

प्रस्तावना :
सोलापूर हे यंत्रमाग व विडी उद्योगाचे शहर असून येथील अनेक घरांत मराठीबरोबरच तेलुगू व कन्नड भाषा बोलल्या जातात. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे बारावी उत्तीर्ण नसलेल्या प्रौढांनाही पदवीचा मार्ग खुला केला. दिवसाचे काम आटोपून शिकणाऱ्या अशा अध्ययनार्थ्यांना केवळ गुण पुरेसे ठरतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूल्यमापनाचा हेतू :
मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये आकारिक व संकलित मूल्यमापन असा भेद मांडला. संकलित मूल्यमापन झालेल्या अध्ययनाचा निर्णय देते, तर आकारिक मूल्यमापन चालू अध्ययनाला दिशा देते. रॉइस सॅडलर (१९८९) यांच्या मते अपेक्षित दर्जा कोणता, आपले काम त्यापासून किती दूर आहे आणि ते अंतर कसे कमी करावे, या तिन्ही गोष्टी अध्ययनार्थ्याला उमगल्या पाहिजेत. गुणांचा आकडा यांपैकी फार तर दुसरीचा अंदाज देतो.

एक उदाहरण :
समजा, विडी वळणाऱ्या एका महिलेने ‘किमान वेतन’ या विषयावरील स्वाध्यायात पुस्तकातील व्याख्या उतरवली आणि तिला १० पैकी ४ गुण मिळाले. कारखान्यात सदोष विडी बाजूला काढली जाते, तेव्हा दोष तिच्या डोळ्यांसमोर असतो. येथे तो दिसत नाही. ‘शिक्षण आपल्यासाठी नाही’ असा अर्थ ती त्या आकड्यातून काढण्याची शक्यता असते. याउलट, ‘व्याख्या बरोबर आहे, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा हिशोब मांडून ती पडताळा’ असा अभिप्राय तिच्या अनुभवालाच अभ्यासाचे साधन बनवतो. प्रौढाचा अनुभव हा अध्ययनाचा स्रोत असतो, या माल्कम नोल्स यांच्या प्रतिपादनाशी हे सुसंगत आहे.

अध्यापकांनी घ्यावयाची दक्षता :
१. अभिप्राय पुढील स्वाध्यायापूर्वी हाती पडावा.
२. एका वेळी एक-दोनच सुधारणा सुचवाव्यात.
३. मराठी ही ज्यांची घरची भाषा नाही, त्यांच्या शुद्धलेखनातील चुका व आशयाचे आकलन यांचा विचार स्वतंत्रपणे करावा.
४. पहिल्या स्वाध्यायावर शक्यतो गुण न देता केवळ अभिप्राय द्यावा. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात केवळ अभिप्राय मिळालेल्या विद्यार्थ्यांची प्रगती झाली. गुण व अभिप्राय एकत्र मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही. हा अभ्यास शालेय विद्यार्थ्यांवरील असल्याने प्रौढांबाबत तो पडताळून पाहणे आवश्यक आहे.

समारोप :
मोठ्या वर्गात प्रत्येकास सविस्तर अभिप्राय देणे अवघड असते, ही अडचण खरी आहे. तथापि, पहिल्या स्वाध्यायावरील दोन ओळींसाठी लागणारा वेळ अध्यापकाला काढता येण्यासारखा आहे. अनेक वर्षांनी पुन्हा लेखणी हाती घेतलेल्या व्यक्तीने शिक्षण सुरू ठेवावे की सोडावे, हे त्या दोन ओळींवरही ठरू शकते.