शरीरांतील तोतये

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका आप्तांनीं खेड्यावरून ज्वारी पाठविली, ती कपाशीवर फवारायच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांत. डबा राखेनें तीनदां घासला होता म्हणे. घरांत सूनबाईंस पांचवा महिना. मीं ती ज्वारी जात्यापर्यंत जाऊं दिली नाहीं, तेव्हां 'मास्तर आतां फारच हळवे झाले' असा शेरा मिळाला. विष बाधलें तर लागलीच बाधतें, एरवीं कांहीं होत नाहीं, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी, हें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेख.

आपल्या शरीरांतील कांहीं ग्रंथि रक्तांत अत्यल्प द्रव्यें सोडतात. अशा द्रव्यांस अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०५ सालीं 'हॉर्मोन' हें नांव दिलें. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चालना देणें. आपल्या 'संप्रेरक' शब्दांतील प्र-पूर्वक ईर् धातूचा अर्थही तोच. हीं द्रव्यें म्हणजे शरीराच्या राज्यांतील हुकूमपत्रेंच होत. बेडकाच्या पिलांस कंठांतील अवटु ग्रंथि खाऊं घातली, तर तीं अकालीं बेडूक होतात, असें गुडरनाच यांनीं १९१२ सालीं दाखविलें. मनुष्याच्या गर्भाचा मेंदूही याच ग्रंथीच्या संप्रेरकावर घडतो. आणि पहिले कांहीं महिने तें संप्रेरक त्यास केवळ आईकडूनच मिळतें.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तेव्हां त्याचा हुकूम मानून कोंकणांतील कित्येक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. कांहीं कृत्रिम रसायनें नेमकें हेंच करितात. तीं संप्रेरकांचें सोंग घेतात, किंवा खऱ्या संप्रेरकाची वाट अडवितात. १९९१ सालीं थिओ कोलबर्न या विदुषीच्या पुढाकारानें अमेरिकेंत शास्त्रज्ञ एकत्र जमले व या प्रकारास स्वतंत्र नांव मिळालें.

तोतयाचा हुकूम मेंदूपर्यंत कसा पोंचतो, याचें एक उदाहरण २००८ सालीं विलायतेंत प्रसिद्ध झालें. आपल्या साळुंकीचा भाऊबंद जो स्टार्लिंग पक्षी, तो सांडपाण्याच्या केंद्रांतील किडे खातो. त्या किड्यांत आढळणारीं स्त्री-संप्रेरकासारखीं द्रव्यें तितक्याच प्रमाणांत नरांस चारलीं, तेव्हां त्यांच्या मेंदूंतील गायनाचें केंद्र वाढलें, गाणें लांबलें, आणि माद्या त्याच गाण्यास भुलल्या. मात्र त्या नरांची रोगप्रतिकाराची शक्ति घटली होती. वरून पाहणारा म्हणेल, पक्षी किती सुरेख गातो!

पक्ष्यांवरून माणसाविषयीं एकदम अनुमान काढणें तर्कशास्त्रास धरून होणार नाहीं. परंतु आपल्याच देशांतला पुरावा विसरतां येत नाहीं. केरळांत कासरगोडकडे काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ विमानांतून एंडोसल्फान फवारलें गेलें. तेथील मुलग्यांस वयांत येण्यास विलंब होत असल्याचें अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेंतील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलें. हेंच द्रव्य आमच्या वऱ्हाडांत बोंडअळीसाठीं कपाशीवर पडत असे. १३ मे २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर बंदी घातली.

तथापि एक द्रव्य गेलें म्हणून फवारणी थांबली नाहीं. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तें संकट साऱ्यांस दिसलें. तोतयाचें काम दिसत नाहीं. मात्रा अल्प, वेळ मात्र नाजूक. प्रौढास जें सहन होतें, तें गर्भास होईलच असें नाहीं. कारण घडत्या मेंदूंत एकदां चुकलेली वीट मागाहून बदलतां येत नाहीं.

आपण पुंसवन करितों, डोहाळजेवण हौसेनें घालतों, गर्भवतीच्या कानीं अपशब्द पडूं देत नाहीं. मग तिच्या पानांत काय पडतें, हें पाहूं नये काय? उपाय घरगुतीच आहेत. औषधाचा रिकामा डबा धान्यास वा पाण्यास कधींही वापरूं नये; तो भोंक पाडून निकामी करावा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत. भाजी वाहत्या पाण्यांत नीट धुवावी. ऊन ऊन पदार्थ प्लास्टिकांत न ओततां पितळी कल्हईच्या किंवा स्टीलच्या भांड्यांत ठेवावा.

आणि आणखी एक. शेतावरच्या त्या द्रव्यास आपण सारेच 'औषध' म्हणतों. निदान घरांत तरी त्यास विष म्हणावें. मुलांस शब्दाचा खरा अर्थ शिकविणें हेंच माझें जन्माचें काम होतें. हा एक शब्द राहून गेला होता.