तलफ येते कुठून?

दोस्तांनो, संगमनेर म्हटलं की प्रवरा नदी आठवते, तशीच तंबाखू आणि विडीही आठवते. इथल्या कितीतरी घरांत बायका मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून विड्या वळत आल्या आहेत. अशा घरात नवखा पाहुणा शिरला, तर उग्र वासानं त्याला शिंकाच शिंका! घरातल्यांना मात्र वास जाणवतही नाही. नाकाला सवय झालेली असते.

विडी ओढणाऱ्याच्या मेंदूलाही अशीच सवय लागते. पण ती फार चिवट असते बरं का!

पहिला झुरका घेणाऱ्याला ठसका लागतो, गरगरतं, मळमळतं. शरीर 'नको, नको' म्हणत असतं. पुन्हा पुन्हा ओढलं की गरगरणं थांबतं. मग पठ्ठ्याला वाटतं, 'आता आपल्याला पचतंय!' इथंच तर फसगत आहे.

हे सारं घडवतं तंबाखूतलं निकोटिन. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप पाठवतात. त्यातलं एक म्हणजे अॅसिटिलकोलिन. त्याला किल्ली समजा. पेशींवर तिची कुलपं असतात. निकोटिन ही बनावट किल्ली! झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत ती मेंदूत पोचते, कुलूप उघडते, डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि घटकाभर बरं वाटतं.

पण बनावट किल्ली सारखी फिरली की कुलपं जाम होतात. तेवढ्याच निकोटिननं पूर्वीसारखं वाटत नाही. मग मेंदू आणखी कुलपं बसवतो. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्मं होतं. कुलपं मोकळी होतात आणि किल्ली मागू लागतात. चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. हीच ती तलफ! रात्रभर किल्ली मिळालेली नसते, म्हणून सकाळी डोळे उघडताच पहिली विडी हवी असते. आता ती मजेसाठी नसते, नुसतं बरं वाटावं म्हणून असते.

कुणी म्हणेल, 'आम्ही कुठं विडी ओढतो? व्हेपला तर आंब्याची चव असते!' पण बहुतेक व्हेपमध्येही निकोटिनच असतं. विडी घसा खवखवते आणि थोटूक उरलं की संपते. व्हेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असलं, तर घशाला फारसं टोचत नाही. गोड चव उग्रपणा झाकते. झुरके किती झाले, हे मोजायला थोटूकही नसतं. त्यामुळे मात्रा नकळत वाढते. शिवाय मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून तुमच्या वयात ही सवय लवकर जडते. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी चोरून विक्री होते.

सवय सुटते का? सुटते! पहिले काही दिवस फार जड जातात. पण निकोटिन बंद केलं, की काही आठवड्यांत जादा कुलपं कमी होऊ लागतात. आईबाबांनो, मुलानं कबुली दिली तर आधी ऐकून घ्या, रागावणं मागाहून. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.

आणि दोस्तांनो, कुणी म्हणालं, 'घे रे, काही होत नाही,' तर एवढं लक्षात ठेवा: 'काही होत नाही' असं वाटू लागतं, तेव्हा मेंदूत बरंच काही होऊन गेलेलं असतं.