भीती आधी ओसरते

साथीतले रुग्ण मोजता येतात. माणूस दवाखान्यात येतो, घशातला नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल येतो. पण साथीच्या धास्तीनं जो लग्नाला गेलाच नाही, ज्यानं गर्दीची बस सोडून दिली, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होणार? आणि साथीचं गणित तर त्याच्यावाचून सुटत नाही.

२००९च्या स्वाइन फ्लूत मेक्सिकोमध्ये ही नोंद सापडली, तीही टीव्हीमुळे. २३ एप्रिलच्या रात्री तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की उद्यापासून मेक्सिको सिटी आणि परिसरातल्या शाळा बंद. पाहता पाहता शहराचं रूप पालटलं. मेट्रो स्टेशनांवर सैनिक निळे मास्क वाटू लागले. फुटबॉलचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. हॉटेलांत बसायची सोय बंद होऊन नुसतं पार्सल मिळू लागलं. भेटल्यावर गालावर ओठ टेकवायची तिथली रीत, तीही टाळा असं सरकारला सांगावं लागलं.

संशोधक मायकेल स्प्रिंगबॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिवसांतली टीव्ही बघण्याची आकडेवारी तपासली. आपल्याकडे टीआरपीसाठी गोळा करतात तशीच ती माहिती. घरच्या टीव्हीसमोर बसलेला माणूस बसमध्ये किंवा बाजारात नसतो, इतकाच साधा तर्क. माप ओबडधोबड खरं, पण रोजच्या रोज मिळणारं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं ते असं: साथीची बातमी येताच लोक घरात थांबले, पण निर्बंध उठायच्या आधीच हा जोर ओसरू लागला. सरकारी आदेश कायम होता, विषाणूही कुठे गेला नव्हता. माणसंच घरात बसून कंटाळली असावीत.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. एका रुग्णाकडून किती जणांना लागण होणार, हे ठरतं तीन गोष्टींवर. तो रोज किती जणांच्या जवळ जातो, एका भेटीत विषाणू पोचण्याची शक्यता किती, आणि किती दिवस तो संसर्ग पसरवत राहतो. यातली पहिली गोष्ट सर्वस्वी माणसांच्या हातातली. ती बदललेलीच नाही असं धरून हिशेब केला, तर साथ मंदावल्याचं श्रेय आपण विषाणूच्या दुबळेपणाला देऊन बसतो. मेक्सिकोत तेच झालं होतं. वागण्यातला बदल हिशेबात घेतल्यावर तो विषाणू आधी वाटला होता त्याहून अधिक पसरू शकणारा निघाला. लोकांच्या सावधपणानं त्याचं खरं बळ झाकून ठेवलं होतं.

‘एवढं काही नव्हतं, उगाच घाबरवलं’ हे वाक्य प्रत्येक साथीनंतर ऐकू येतं. ते ऐकलं की मला हाच हिशेब आठवतो.

शिवाय फ्लूची लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात. मग दवाखाना, तपासणी, अहवाल. म्हणजे आजच्या पेपरातला आकडा काही दिवसांपूर्वीच्या संसर्गाचा. तो उतरलेला पाहून आपण बाहेर पडतो, आणि त्या बाहेर पडण्याचा परिणाम पुन्हा काही दिवसांनीच कळतो.

२००९च्याच ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं भारतातला पहिला बळी घेतला तो पुण्यात. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. मुली दुचाकीवर स्कार्फ बांधायच्याच, आता मुलांच्याही तोंडाला रुमाल आले. घरोघरी कापराच्या पुरचुंड्या झाल्या. माझी आईही रोज सकाळी रुमालाच्या टोकात कापराची वडी बांधायची, वर निलगिरीचे दोन थेंब टाकायची आणि तो आमच्या खिशात कोंबायची. वासानं विषाणू मरत नाही. पण तो रुमाल नाकाशी धरताना गर्दीची आठवण राहायची, हे मी आजही मानतो.

मेक्सिकोच्या अभ्यासात आर्थिक स्तरांनुसार लोकांच्या वागण्यात मोठा फरक दिसला. मला त्याचं नवल वाटलं नाही. घरी थांबा म्हणणं सोपं आहे, पण ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याला सोबत पैसेही द्यायला हवेत. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना आईनं आठवडाभर भरपगारी सुट्टी देऊ केली होती.

“वहिनी, तुम्ही द्याल हो,” त्या म्हणाल्या, “बाकीच्या तीन घरांचं काय?”

मग आईनं दिलेली कापराची पुरचुंडी त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, पदर नाकावरून घेतला आणि त्या मोरीकडे वळल्या.