गाऱ्यात फसलेल्यांची सोयरीक

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या नावातच रेल्वे आहे, पण तालुक्यातला अवघड प्रवास स्टेशनच्या अलीकडेच असतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचले आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे निघाला. वावरापासून स्टेशनापर्यंतचा चार-सहा कोसांचा तुकडा मात्र तसाच राहिला, काळ्या मातीचा आणि पांदणीचा. जीप या भागात रुजली ती या तुकड्यामुळे. आज ज्यांच्या दारात महिंद्राची थार किंवा जुनी एमएम ५४० जीप उभी आहे त्यांचं आपसातलं नातं समजायचं, तर आधी माती समजून घ्यावी लागते.

ही भारी माती स्मेक्टाइट गटातल्या चिकण खनिजांची. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात वावराला पडलेल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि जुलैत त्याच जागी गारा, म्हणजे चिखल. सह्याद्रीतल्या वाटेवर चाक घसरलं तरी खाली कुठंतरी खडक लागतो. इथं मातीखाली बऱ्याचदा मातीच. टायरच्या खाचा एकदा गाऱ्यानं भरल्या की महागडा टायरही गुळगुळीत होतो. म्हणून चिखलाचे टायर रुंद खाचांचे असतात आणि ते जरा जोरात फिरवावे लागतात, तेव्हा चिखल झडतो. जोर जास्त झाला तर चाक आपलाच खड्डा खोल करत बसतं. जुन्या विलीज जीपचे सहा इंची टायर आज किरकोळ वाटतात. पण अरुंद टायर गारा कापत खालच्या मुरमापर्यंत जातो, रुंद टायर वर तरंगत आडवा सरकतो. पांदणीखाली मुरूम असेल तर म्हातारी जिंकते. नसेल तर दोघी शेजारी शेजारी बसतात. बैलगाड्यांची चाकोरी खोल असेल तर आणखी एक फजिती: मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकतो आणि चाकं रिकामी फिरत राहतात.

या गाडीचं कूळ सैनिकी. १९४० मध्ये अमेरिकेत तिचा पहिला नमुना झाला आणि युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. भारतात ती आणली महिंद्रा बंधूंनी. १९४५ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले, कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली, आणि मुंबईत सुटे भाग जोडून जीपा तयार होऊ लागल्या. वऱ्हाडाच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट नंतर घडली. याच घराण्यानं १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि पुढं त्या ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली आलं. मग जीप बिघडली तर अमरावती गाठायची गरज उरली नाही. ट्रॅक्टरचा मिस्त्री तिलाही हात लावू लागला. जीप खेड्यात टिकली त्याचं श्रेय जाहिरातीतल्या डोंगरांपेक्षा या मिस्त्र्यांना मी आधी देईन.

पण जीप घरची क्वचितच असायची. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचं गावात येणारं रूप ठरलं. आरोग्य केंद्रांना युनिसेफनं गाड्या दिल्या. निवडणुकीत कर्णे बांधलेली जीप फिरायची. पुढं लांब अंगाची कमांडर वडापला लागली: समोरासमोर बाकं, वर ताडपत्री, आत बसतील तेवढे आणि बाहेर लटकतील तेवढे. गुढीपाडव्याला तालुक्यातल्या सावंगा विठोबाच्या यात्रेत कापराचा धूर आभाळात चढतो. तिकडं जाणाऱ्या माणसांनी अशा गाडीच्या पायरीवर उभं राहून किती फुफाटा खाल्ला असेल! यातल्या बहुतेक कमांडर मागच्या दोन चाकांवरच चालायच्या. गाडी फसली की ड्रायव्हर एवढंच म्हणायचा, ‘उतरा भाऊ’, आणि सगळे उतरून ढकलायचे. फोर बाय फोर ते हेच, अशी तेव्हाची थट्टा.

घरची जीप हा थाट अलीकडचा. थार आली २०१० मध्ये, दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० ला, पाच दारांची रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला. मालकही बदलला. कृषी केंद्रवाला, ठेकेदार, पुण्याहून नोकरी सोडून आलेला मुलगा. पण ही गाडी चालवायची कुठं? चांदूर ते अमरावती रस्ता पोहरा-मालखेडच्या जंगलातून जातो आणि तो पाहिला की नव्या मालकाचा हात स्टिअरिंगवर वळवळतो. ते राखीव वन आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार तिथं विनापरवानगी घुसणं हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा, कारण बिबट्याला इंजिनाच्या आवाजाचं कौतुक नसतं. पुढं लावायच्या लोखंडी बुलबारवरही केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरात बंदी घातली, तरी ते दिसतात, आणि समोर सापडलेल्या माणसाची दशा त्यांनी आणखी वाईट होते.

मग उरतो नाला, पडीक जमीन, किंवा पीक निघाल्यावर कुणाचं वावर, तेही मालकाला विचारून. पेरलेल्यात चाक घालायचं नाही, धुरा फोडायचा नाही. जगभरच्या ऑफ-रोडवाल्यांचा पहिला नियम असा की एकट्या गाडीनं जाऊ नये. वऱ्हाडात तो कुणाला शिकवावा लागत नाही, कारण इथली मैत्री एकमेकांना ओढून काढण्यातूनच जमते. शहरातल्या मालकाला विचारलं तर तो कुठली चढण चढलो ते सांगतो. इकडचा सांगतो, कुणाला कुठून काढलं.

काढण्याचंही शास्त्र आहे. आधी टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणायची, म्हणजे टायर पसरून जमीन जास्त धरतो. चाकापुढची माती फावड्यानं काढायची. दोर हुकाला अडकवायचा, ट्रॉलीच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो. दोरावर गोणपाट टाकायचं आणि बघ्यांना दूर हाकलायचं, हे काम सगळ्यात अवघड. विंच असेल तर तिला धरायला झाड हवं, आणि वावरात झाड म्हणजे धुऱ्यावरची बाभूळ. तीही नसेल तर स्टेपनी खड्ड्यात उभी पुरून तिला दोर बांधतात.

एवढं करूनही तासाभरानं कुणीतरी गावाकडं पायी निघतोच. ‘काहून घातली बे गाऱ्यात?’ असं विचारत ट्रॅक्टरवाला येतो. माणसाच्या छातीला लागेल एवढं मागचं चाक, आणि पाय लावून लॉक होणारं डिफरन्शियल. पंधरा-वीस लाखांची गाडी दोन मिनिटांत बाहेर. पैसे दिले तर तो बहुधा घेत नाही, पण ही गोष्ट पानठेल्यावर सांगायचा हक्क कायमचा त्याचा होतो. थारवाल्यांना तो सलतो हे मी पाहिलं आहे. सलू द्यावा.

शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली आणि आता काही पांदणींवर खडी पडते आहे. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्यावर ट्रॅक्टरला मज्जाव. म्हणजे गाडी फसण्याच्या जागा कमी होत आहेत. शिवाय जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळू लागली, सुरुवातीची किंमत ९.९९ लाख. दिसायला तीच, गाऱ्यात मात्र कमांडरची सख्खी बहीण. तिच्या मालकाची थट्टा होते, त्याला नाल्यात उतरू देत नाहीत, काठावरच्या मुरमावर उभं करतात. आणि खाली चारी चाकं फिरवणारी एखादी बसली की दोर त्याच्याच गाडीला बांधतात, कारण घट्ट जमिनीवर तीच एक उभी असते. त्यानंतर महिनाभर तो भेटेल त्याला ते सांगत सुटतो.