थबकलेल्या जंतूंच्या चुका

श्रीवर्धनच्या समुद्रकांठीं वैशाखांतल्या रात्रीं लावलेलें विरजण सकाळीं पाहावें, तों आंबट होऊन गेलेलें असतें. दुधांत पडलेले जंतु प्रथम कांहीं वेळ स्वस्थ असतात, मग झपाट्यानें वाढतात. पुढें अन्न सरत येतें, आम्ल सांचतें आणि वाढ थबकते. चार दिवसांच्या दह्यांतील सगळेच जंतु मेलेले नसतात. पुष्कळसे नुसते थांबलेले असतात.

परंतु थांबलेल्या जंतूचेंहि कामकाज सर्वस्वीं बंद पडत नाहीं. त्याच्या पेशींत रायबोसोम नांवाचे सूक्ष्म कारखाने प्रथिनें घडवीतच असतात. पेशव्यांच्या या मूळ गांवाला दफ्तराचाच दाखला शोभेल. मोडी कागद बाळबोधींत उतरणारा कारकून डोळ्यांसमोर आणावा. रायबोसोमहि एका लिपींतील मजकूर दुसरींत उतरतो. मात्र तो तीन तीन अक्षरें एकदम वाचतो व प्रत्येक त्रिकाला एक अमिनो आम्ल जोडतो. भरल्या पोटीं त्याची चूक हजार ते दहा हजार जोडण्यांत एखादीच. एवढी शुद्धता कोणत्या दफ्तरखान्यांत होती, कोण जाणे!

उपासमारींत मात्र हवें तें अमिनो आम्ल वेळेवर हातीं येत नाहीं. रायबोसोम खोळंबतो आणि कधीं एक अक्षर घसरतो. ‘कमल सरस गगन’ हें एक अक्षर सोडून वाचावें, म्हणजे ‘मलस रसग गन’ होतें. पुढचा सारा मजकूर निरर्थक. आंतड्यांत राहणाऱ्या एश्चेरिशिया कोलाय या जंतूची वाढ थांबल्यावर अशी घसरण वाढते, असें 1996 सालीं दाखविण्यांत आलें. दह्याच्या जंतूंवर हा प्रयोग नव्हता, हें ध्यानांत असावें. 2001 सालीं त्याच आंतड्यांतील जंतूच्या अभ्यासांत आढळलें कीं वाढ थांबलेल्या पेशींतील चुकलेलीं प्रथिनें प्राणवायूच्या माऱ्यानें लवकर बिघडतात. ज्या वाणाचे रायबोसोम अधिक काटेकोर, त्याच्यांत हा बिघाड कमी.

यावरून चूक म्हणजे जंतूचें निव्वळ नुकसान, असें वाटेल. तसें नाहीं. क्षयजंतूच्या कुळांत वाचनाच्या चुका वाढल्या, तर रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधापुढें अधिक जंतु टिकाव धरतात, असें 2014 सालच्या प्रयोगांत दिसलें. ही शक्ति पिढीजात नव्हे. सदोष प्रथिनांतून आलेली, तेवढ्यापुरती. याखेरीज शरीरांत मंदावून बसलेले क्षयजंतु औषधांना सहजासहजीं वश होत नाहींत. क्षयाचीं औषधें सामान्यतः सहा महिने घ्यावीं लागतात, त्याचें एक मोठें कारण हें. दुसऱ्या महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतें, घरच्यांना रोगी बरा दिसतो. गोळ्यांची पुडी फळीवर जाते ती याच सुमारास. आणि तेव्हां जे जंतु उरलेले असतात, ते पुष्कळदां हेच थबकलेले.