पिशवीमागची खतावणी

फेब्रुवारी २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने दुकानांतल्या पिशव्यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा जगभर गाजला : ७१००. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सुती पिशवीचा पर्यावरणावरचा भार कमी ठरायचा असेल, तर ती ७१०० वेळा वापरावी लागेल. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. रोज एकदा बाजारात नेली तरी ७१०० खेपांना साडेएकोणीस वर्षे लागतात. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी अमलात आली. कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायची सवय लोक पुन्हा लावून घेत होते. त्या सवयीविरुद्धचा पुरावा म्हणून हा आकडा आजही पुढे केला जातो.

अहवाल डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी मेहनतीने केलेला होता. मात्र त्यात पर्यावरणाचे अनेक निकष वेगवेगळे तपासले होते. फक्त हवामानबदल पाहिला तर सुती पिशवीला ५२ खेपा पुरतात. ७१०० हा आकडा ओझोनच्या थराला होणाऱ्या हानीच्या निकषावरून आला. दुसरे असे, की डेन्मार्कमध्ये घरचा कचरा गोळा होऊन जाळला जातो आणि त्यातून ऊर्जा मिळवतात. वाऱ्यावर उडणारी, गटारात अडकणारी पिशवी त्या हिशेबात नगण्य मानली होती. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईच्या नाल्यांतून काय निघाले हे ज्यांना आठवते, त्यांना हे गृहीतक आपल्याकडे लागू पडत नाही हे वेगळे सांगायला नको. आणि जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी शिवली, तर त्या कापसाचा बहुतेक भार साडीच्या आयुष्यातच फिटलेला असतो.

मला या आकड्याबद्दल वाटणारे कुतूहल आणखी खालच्या पातळीवरचे आहे. किलोभर सुतामागे किती खत पडले, किती पाणी उपसले, सरकी काढायला आणि सूत कातायला किती वीज लागली, त्या विजेसाठी कोणते इंधन जळले, हे सगळे कोपनहेगनजवळ बसलेल्या संशोधकांना कळले कसे? यातले फार थोडे त्यांनी स्वतः मोजले होते. बाकीचे तयार नोंदींमधून घेतले, आणि त्या नोंदी प्रामुख्याने एकाच ठिकाणच्या होत्या. झुरिकमधल्या ‘इकोइन्व्हेंट’ या ना-नफा संस्थेने सांभाळलेल्या माहितीसंचातल्या.

एखाद्या वस्तूचा जमिनीतून निघालेल्या कच्च्या मालापासून ते तिचा कचरा होईपर्यंतचा हिशेब मांडण्याच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. तिची सुरुवात बहुधा १९६९ मध्ये कोका-कोलाने पेयांच्या बाटल्या-डब्यांची तुलना करून घेतली तिथून धरतात. १९९७ मध्ये आयएसओ १४०४० हे मानक आले आणि कृतीची चौकट ठरली. चौकट मिळाली तरी अडचण राहिली ती आकड्यांची. बिस्किटाच्या पुड्याचा हिशेब करायचा तर गहू, साखर, पामतेल, वेष्टनाचे प्लास्टिक, पुठ्ठा, डिझेल, ट्रक, रस्ता असे सगळे येते. प्रत्येक संशोधकाने हे मुळापासून मोजायचे ठरवले तर एका पुड्यात त्याची कारकीर्द संपेल.

स्वित्झर्लंडमध्ये नव्वदच्या दशकात अशा नोंदी भरपूर होत्या, पण विखुरलेल्या. ईटीएच झुरिकमध्ये ऊर्जाव्यवस्थांच्या सविस्तर नोंदी झाल्या होत्या. वेष्टनांच्या नोंदी पर्यावरण खात्यासाठी तयार झाल्या होत्या, शेतीच्या कृषी संशोधन केंद्रांकडे होत्या. एकाच पदार्थाबद्दल दोन ठिकाणी दोन आकडे सापडत, कारण कोणी खाणीपासून मोजले होते तर कोणी कारखान्याच्या फाटकापासून. अशा आकड्यांवर दोन वस्तूंची तुलना केली तर वस्तूंमधला फरक मोजला जात नाही, मोजणाऱ्यांच्या सवयींमधला फरक मोजला जातो. म्हणून ईटीएच झुरिक, लोझानची ईपीएफएल, पॉल शेरर संस्था, एम्पा आणि कृषी संशोधन संस्था एकत्र आल्या आणि सगळ्या नोंदी एकाच नियमाने पुन्हा लिहायला बसल्या. २००३ मध्ये पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात सुमारे २५०० प्रक्रिया होत्या. आज ही संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे.

यातली एक नोंद उघडून पाहण्यासारखी असते. एक किलो सिमेंट क्लिंकर घेऊ. आत येणाऱ्या बाजूला चुनखडी, चिकणमाती, कोळसा किंवा अन्य इंधन, वीज, पाणी. मग यंत्रांचे वंगण, भट्टीच्या आतल्या उष्णतारोधक विटा, आणि खुद्द कारखान्याचाही एक सूक्ष्म अंश : त्याच्या बांधकामाला लागलेले पोलाद-काँक्रीट त्याच्या आयुष्यभराच्या उत्पादनात वाटून आलेला. बाहेर जाणाऱ्या बाजूला क्लिंकर, आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइड्स, गंधक डायऑक्साइड, धूळ, अगदी पाऱ्यासारख्या धातूंचे मिलिग्रॅमहूनही लहान अंश. यातला कार्बन डायऑक्साइड दोन वाटांनी येतो. एक इंधन जळून. दुसरा चुनखडीच्या पोटातून. भट्टीत कॅल्शियम कार्बोनेट फुटून चुना होतो तेव्हा किलोभर क्लिंकरमागे अर्ध्या किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निव्वळ या रासायनिक क्रियेतून सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. नोंद अशी सुटी सुटी लिहिलेली असली तरच हे दिसते. ‘एक किलो क्लिंकर, इतका कार्बन’ एवढीच बेरीज हाती दिली तर कुठे हात घालायचा ते कळत नाही. इकोइन्व्हेंटचा आग्रह पहिल्यापासून सुट्या नोंदींचा राहिला, आणि हे त्यांचे सर्वांत मोलाचे काम आहे असे मी मानतो.

पण सुट्या नोंदी एकमेकींत अडकलेल्या असतात. विजेला कोळसा लागतो, कोळसा खणायला वीज लागते, दोन्हींना पोलाद लागते आणि पोलादाला पुन्हा ती दोन्ही. मागे मागे जात राहिलो तर साखळी संपतच नाही. यावरचा उपाय अर्थशास्त्रातून आला. वासिली लिओंटिएफ यांनी उद्योगांची एकमेकांशी असलेली देवघेव एका मोठ्या तक्त्यात मांडून सगळी समीकरणे एकदम सोडवण्याची रीत दाखवली. १९७३ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. उदाहरणापुरते धरू की एक युनिट विजेला ०.७ किलो कोळसा लागतो आणि एक किलो कोळसा काढायला ०.०५ युनिट वीज. घरात एक युनिट हवे असेल, तर एकूण वीज म्हणजे १ अधिक कोळशाच्या ०.०५ पट, आणि कोळसा म्हणजे एकूण विजेच्या ०.७ पट. दोन समीकरणे सोडवली की उत्तर येते : १.०३६ युनिट वीज आणि ०.७२५ किलो कोळसा. अनंत फेऱ्या एका उत्तरात मावल्या. संगणक हेच हजारो समीकरणांचे करतो, आणि म्हणूनच झुरिकमध्ये विजेची एक नोंद सुधारली की कागदापासून औषधापर्यंत हजारो वस्तूंचे आकडे हलतात. खतावणीतली एक रक्कम बदलावी आणि सगळ्या खात्यांच्या शिलका बदलाव्यात तसे.

मग प्रत्येक आकड्यावर किती विसंबायचे? इथे या लोकांनी एक प्रामाणिक सोय केली आहे. प्रत्येक आकड्याला पाच बाबतींत १ ते ५ गुण दिले जातात : मोजमाप किती खात्रीचे, नमुना किती मोठा, माहिती किती जुनी, कोणत्या प्रदेशातली, आणि नेमक्या त्याच तंत्रज्ञानाची आहे का. तीन वर्षांच्या आतली माहिती असेल तर १, पंधरा वर्षांहून जुनी असेल तर ५. प्रत्यक्ष मोजून पडताळलेली असेल तर १, नुसता अंदाज असेल तर ५. या गुणांवरून त्या आकड्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा ठरतो, आणि अंतिम उत्तरही पट्ट्याच्या रूपात देता येते. वर्तमानपत्रात पोचेपर्यंत हा पट्टा गळून पडतो आणि एकटा आकडा उरतो, ही आम्हा लिहिणाऱ्यांची जबाबदारी आहे.

सर्वांत अवघड प्रश्न वाटणीचा. तो समजून घ्यायला साखर कारखान्याइतके चांगले उदाहरण नाही. शंभर टन ऊस गाळला की दहा-अकरा टन साखर, अठ्ठावीस ते तीस टन बगॅस, चार टनांच्या आसपास मळी आणि तीन-चार टन प्रेसमड निघते. बगॅसवर सहवीजनिर्मिती, मळीपासून इथेनॉल. आता उसाच्या शेतातला भार कोणाच्या नावावर टाकायचा? सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. आयपीसीसीच्या सर्वसाधारण गृहीतकाप्रमाणे त्यातले एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जाते. म्हणजे अडीच किलो नत्र, अर्थात जवळपास चार किलो वायू. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा, तेव्हा हेक्टरी एक टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा भार झाला. वजनाने वाटला तर बगॅसच्या माथी सर्वांत मोठा वाटा येतो आणि तिच्यावरची वीज तितकी स्वच्छ उरत नाही. बाजारभावाने वाटला तर बहुतेक भार साखरेकडे जातो, आणि मळीचा भाव वधारला की कारखान्यात काहीही न बदलता इथेनॉलचा भार वाढतो. बगॅसला टाकाऊ मानले तर तिची वीज जवळजवळ भारमुक्त. तिन्ही उत्तरे एकाच कारखान्याची, एकाच हंगामाची. इकोइन्व्हेंटने २०१३ च्या तिसऱ्या मोठ्या आवृत्तीपासून मूळ नोंदी त्याच ठेवून वाटणीच्या वेगवेगळ्या नियमांचे स्वतंत्र संच द्यायला सुरुवात केली. निवड वापरणाऱ्याची, पण ती सांगून केलेली असली पाहिजे. ‘हरित इंधन’ असे कोणी म्हणाले की वाटणीचा नियम कोणता, हा पहिला प्रश्न विचारावा.

हा संच फुकट नाही. परवान्याचे पैसे घेऊन संस्था चालते, आणि सरकारी संशोधन संस्थांच्या कष्टातून उभी राहिलेली माहिती पैशांच्या दाराआड का, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. मात्र युरोपीय आयोगाने स्वतः विनामूल्य दिलेला असाच संच २०१८ मध्ये बंद झाला, हेही पाहावे लागते. नोंदी एकदा करून भागत नाही, दर वर्षी सुधाराव्या लागतात, आणि त्यासाठी पगारी माणसे लागतात.

आपला संबंध येतो तो भूगोलातून. स्वित्झर्लंडची वीज मुख्यतः जलविद्युत आणि अणुऊर्जेची, भारतातली मुख्यतः कोळशाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. इचलकरंजीच्या मागावरच्या कापडाला युरोपातल्या विजेचा आकडा लावला तर हिशेब सरळ चुकला. जिथे देशाची स्वतंत्र नोंद नसते, तिथे इकोइन्व्हेंट ‘उर्वरित जग’ अशी एक नोंद वापरते : उपलब्ध देशांच्या नोंदींवरून बेतलेली, मोठ्या अनिश्चिततेची. भारतातल्या अनेक वस्तू बराच काळ या उर्वरित जगातच होत्या, कित्येक अजूनही आहेत. स्वित्झर्लंड सरकारच्या निधीतून चाललेल्या एका प्रकल्पात भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या नोंदी वाढवण्याचे काम झाले. विजेच्या बाबतीत तर आता भारताच्या राज्यनिहाय नोंदी आहेत आणि महाराष्ट्राची वेगळी आहे. पण वीज हा सोपा भाग, कारण तिचे आकडे सरकारच प्रसिद्ध करते.

उरलेल्या वस्तूंचे आकडेही आपल्याकडे नाहीत असे नाही. पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या नियम १४ प्रमाणे प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या उद्योगांना दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत ‘फॉर्म पाच’ भरावा लागतो. त्यात काय विचारतात? एका नगामागे पाणी किती, कच्चा माल किती, पाण्यात आणि हवेत काय सोडले, घातक कचरा किती. हीच तर जीवनचक्राची नोंद! साखर कारखान्यांचे चीफ केमिस्ट तर याहून बारकाईने लिहितात. हंगामाअखेरच्या आरटी-८(सी) अहवालात गाळप, उतारा, बगॅसचे आणि मळीचे शेकडा प्रमाण, वाया गेलेली साखर, सगळे असते. हे कागद मंडळाकडे आणि साखर खात्याकडे जातात, आणि तिथून पुढे त्यांचा अशा कामासाठी उपयोग होत नाही. कारखान्याचे नाव झाकून, तज्ज्ञांकडून तपासून, सरासरी काढून ते प्रसिद्ध करायला नवे यंत्र लागत नाही, इच्छा लागते.

खरी कसोटी शेताच्या बाजूला आहे. आपल्या कितीतरी कृषिपंपांना मीटर नाही, त्यामुळे एका टन उसामागे पंप किती वीज खातो हे कारखान्याला सांगता येत नाही. खत शिफारशीइतकेच पडले का, पाचट जाळले की कुजवले, ऊस ट्रॅक्टरने आला की बैलगाडीने आणि किती किलोमीटरवरून, हे शेतकऱ्याला विचारूनच लिहावे लागेल. कोल्हापूर, सोलापूर आणि अहिल्यानगर इथले दोन-दोन कारखाने, त्यांच्या कार्यक्षेत्रातले काहीशे ऊसउत्पादक, निवडक पंपांवर बसवलेले मीटर आणि तीन हंगाम, एवढ्यावर महाराष्ट्रातल्या साखरेची पहिली स्वतंत्र नोंद लिहिता येईल.