जहाज कुणाच्या बळावर चालते?



आरमाराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि कान्होजी आंग्रे उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. मी आज ज्या आरमाराविषयी सांगणार आहे, ते मात्र कोणत्याही समुद्रावर तरंगत नाही. ते संगणकाच्या पडद्यावर आहे आणि त्यावर काम करणारे खलाशी आपापल्या घरी खुर्चीत बसलेले असतात. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने मुलांच्या खेळावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मी कारखान्याच्या दाराशी उभा राहून आजवर जो प्रश्न विचारीत आलो, तोच या खेळाच्या रचनाकारांनी समुद्रावर नेऊन विचारला आहे. हे जहाज चालवते कोण?

खेळाचे नाव 'पझल पायरेट्स'. पझल म्हणजे कोडे आणि पायरेट म्हणजे चाचा, समुद्रावरचा लुटारू. अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को शहरातल्या थ्री रिंग्ज या मंडळींनी तो रचला आणि २००३ सालच्या डिसेंबरात लोकांपुढे ठेवला. २०११ मध्ये ही कंपनी सेगा या जपानी कंपनीने विकत घेतली; २०१६ मध्ये खेळाचा कारभार ग्रे हेवन्स या लहानशा मंडळींकडे आला. अशा खेळात माणूस एक भूमिका घेतो, तिला नाव देतो, कपडे चढवतो, आणि इंटरनेटवरून त्याच वेळी आलेल्या शेकडो अनोळखी माणसांत मिसळतो. एक खलाशी सोलापूरचा असेल, दुसरा पोर्तुगालचा असेल. दोघे एकाच जहाजावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात आणि एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत.

आता लढाई. आपल्याकडच्या पोरांच्या हातात जे लढाईचे खेळ दिसतात, त्यांत एक शूर वीर असतो, त्याने कळ दाबली की तोफ सुटते, दुसरी दाबली की जहाज वळते. तोफेत दारू कुणी भरली, शीड कुणी ओढले, हे विचारण्याची सोय नाही. 'पझल पायरेट्स'मध्ये नेमके उलटे आहे. सुकाणूवर बसलेल्या अधिकाऱ्याला जहाज एक घर पुढे न्यायचे असेल, तर त्याच्याजवळ 'पुढे' अशी एक सोंगटी शिल्लक असावी लागते. डावीकडे वळायचे तर डावीची, उजवीकडे तर उजवीची. या सोंगट्या त्याला आकाशातून मिळत नाहीत. शिडांवर काम करणारे खलाशी त्या तयार करतात. खलाशांनी हात आखडले, तर कप्तान कितीही हुशार असो, त्याचे जहाज जागच्या जागी उभे राहते.

शिडावरचे हे काम म्हणजे एक कोडे आहे. वरून रंगीत तुकड्यांच्या जोड्या पडत असतात, त्या योग्य जागी लावून नेमून दिलेल्या आकृत्या पुऱ्या करायच्या. जितके सफाईने कराल, तितक्या लवकर सोंगटी तयार होते. कोणत्या दिशेच्या सोंगट्या हव्यात, हे अधिकारी सांगू शकतो. आणि गंमत अशी, की सोंगट्या साठवून ठेवता येत नाहीत. काही डावांत वापरली नाही तर सोंगटी शिळी होऊन नाहीशी होते. म्हणजे काल केलेल्या कामावर आज लढता येत नाही.

दुसरे काम सुताराचे. शत्रूचा गोळा लागला की लाकूड फुटते. पाच-पाच चौकोन जोडून केलेले वेडेवाकडे तुकडे त्या भोकांत चपखल बसवायचे, फट राहू द्यायची नाही. तिसरे काम मला सर्वांत प्रिय आहे, कारण ते सर्वांत खालचे आहे. जहाजाच्या तळाशी साचलेले पाणी उपसणे. इथे शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची अदलाबदल करून सारखे तीन किंवा अधिक तुकडे ओळीत आणायचे असतात. पण पडद्याच्या खालच्या भागात खरोखरच पाणी दाखवलेले असते, आणि पाण्याखालचे तुकडे जड, संथ हलतात. पाणी जितके चढेल तितके उपसणाऱ्याचे काम अवघड होत जाते. गटाराच्या भुयारात किंवा खाणीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. मी स्वतः या खेळात पाणी उपसण्याच्या जागेपलीकडे फारसा गेलो नाही, आणि तिथून जहाजाचा सगळा कारभार फार स्पष्ट दिसतो.

कारण ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. गोळा लागला की फट पडते. फट मोठी तितके पाणी लवकर शिरते. पाणी चढले की जहाज जड होते. जहाज जड झाले की शिडावरच्या माणसांनी तेवढीच मेहनत करूनही सोंगट्या कमी निघतात. सोंगट्या कमी म्हणजे अधिकाऱ्याला चुकवाचुकवी करता येत नाही. आणि मग आणखी गोळे लागतात. सुतार झोपला तर शिडावरचा माणूस मार खातो. आमच्या गिरण्यांत सूत कच्चे आले की मागावरच्या कामगाराचे उत्पादन घटायचे आणि दंड त्यालाच व्हायचा, त्याची आठवण होते.

तोफांचे कामही असेच हाताने करायचे. चार तोफा असतात. फरशीवर दारू, चिंध्यांचा बोळा, गोळा आणि पाण्याची बादली अशा वस्तू सरकत असतात. त्यांना वाट दाखवून तोफेत नेमक्या क्रमाने घालायचे. आधी दारू, मग बोळा, मग गोळा. तोफ सुटल्यावर ती पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा भरता येत नाही, आणि क्रम चुकला तरी धुवावीच लागते. शिडांच्या काळातल्या खऱ्या तोफाही अशाच भरीत. १८०५ साली ट्राफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर १०४ तोफा आणि सुमारे ८२० माणसे होती. चित्रांत नेल्सन असतो. तळमजल्यावरून दारू वाहून आणणारी पोरे चित्रात क्वचितच येतात.

आता वर डेकवर या. समुद्र बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनांत विभागलेला आहे. प्रत्येक डावात चार चाली असतात; अवजड मालवाहू जहाजांना तीनच. बुद्धिबळात मी खेळतो, मग तुम्ही खेळता. इथे दोघेही आपापल्या चाली आणि कोणत्या चालीनंतर कोणत्या बाजूची तोफ सोडायची हे थोड्या सेकंदांत गुपचूप मांडून ठेवतात, आणि मग दोघांचे एकदम उघडे होते. पगारवाढीच्या वाटाघाटींना जो बसला आहे, त्याला हा प्रकार ठाऊक आहे. समोरच्याच्या खिशातला आकडा दिसत नाही. तो काय करील याचा अदमास घेऊन आपला कागद पुढे सरकवायचा.

एक उदाहरण देतो, म्हणजे कल्पना येईल. माझे जहाज उत्तरेकडे तोंड करून उभे आहे. शत्रू माझ्या उजव्या हाताला दोन घरांवर, तोही उत्तराभिमुख. तोफा फक्त डाव्या-उजव्या बाजूंना आहेत आणि गोळा तीन घरांपर्यंत जातो. आम्ही दोघेही एक घर पुढे गेलो, तर पुन्हा समोरासमोर येऊ आणि दोघांचेही गोळे लागतील. मी उतावीळपणे त्याच्याकडे उजवीकडे वळलो, तर काय होईल? या खेळात वळताना जहाज एक घर पुढे जाऊन मग वळलेल्या बाजूला एक घर सरकते. म्हणजे मी त्याच्या अगदी लगत येऊन पोहोचलो, पण आता माझे तोंड त्याच्याकडे आहे आणि माझ्या तोफा उत्तर-दक्षिणेला. तो सरळ पुढे आला असेल, तर त्याची डावी बाजू बरोबर माझ्यावर रोखलेली. तो मला मारतो, मी त्याला काही करू शकत नाही. आणि मी नुसता थांबून राहिलो, तर तो एक घर पुढे निघून जातो आणि त्याचा गोळा पाण्यात पडतो. थांबणे हीही चाल आहे, आणि तिला एकही सोंगटी लागत नाही.

शिवाय पटावर खडक आहेत. उंच खडक गोळाही अडवतो, ठेंगणा खडक फक्त जहाजाला अडवतो. खडकाला आपटलात की नुकसान. काही घरांत वारा असतो, तो जहाजाला एक घर ढकलून देतो. भोवरे असतात, ते जहाजाला फिरवून भलत्याच घरी नेऊन सोडतात. दुसऱ्या जहाजावर आदळलात तर दोघांचीही मोडतोड होते. चतुर अधिकारी वारा आणि भोवरा यांचा उपयोग फुकटची चाल म्हणून करतो, विशेषतः त्याच्याजवळच्या सोंगट्या संपत आल्या असताना.

इथे माझी एक तक्रार आहे. शिडांच्या खऱ्या लढाईत वारा हेच सर्व काही होते. ज्याच्याकडे वाऱ्याची बाजू, तो केव्हा भिडायचे ते ठरवी. खेळात वारा चार-दोन घरांपुरता कोंडून टाकला आहे आणि जहाज कोणत्याही दिशेला सारख्याच सुखाने जाते. तसेच तोफा फक्त बाजूंना असणे ही युरोपी जहाजांची पद्धत. कान्होजींच्या गुराबांच्या नाळेवरही तोफा असत, आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबते त्या गुराबांना ओढून नेत. पाठलाग करता करता गोळे टाकण्याची ती कोकणी पद्धत या पटावर खेळून पाहता आली असती तर मला आनंद झाला असता. असो.

नेहमीच्या लढाईत गोळ्यांनी जहाज बुडत नाही. मग गोळे मारायचे कशाला? जहाजाला जहाज भिडवून आकडे टाकले की दोन्हीकडचे खलाशी तलवारीच्या लढतीला उतरतात. तीही कोड्याचीच लढत आहे. ज्या जहाजाची मोडतोड जास्त, त्याच्या माणसांच्या पटावर सुरुवातीपासूनच अडचणीचे तुकडे पडलेले असतात. अनेक जण मिळून एकाला घेरू शकतात. म्हणजे तोफा, सुतार, पाणी उपसणारे यांचा सारा हिशेब इथे चुकता होतो. आधी कामात कसूर केलेले जहाज तलवारीच्या शौर्यावर सहसा वाचत नाही.

जहाजांचे आकारही सांगितले पाहिजेत. सर्वांत लहान स्लूपवर ७ माणसे मावतात, वॉर ब्रिगवर ३०, आणि ग्रँड फ्रिगेटवर १५९. लहान जहाजाला लहान गोळे, मोठ्याला मोठे. हे गोळे लोहाराच्या दुकानात खेळाडूंच्याच श्रमाने तयार होतात आणि विकत घ्यावे लागतात. रमही तशीच घ्यावी लागते. काम करताना खलाशी रम पितात, आणि पिंप रिकामे झाले की त्यांचे काम ढेपाळते. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी रागावू नये. रमच्या जागी भाकरी धरा, हिशेब तोच राहतो. माणसाच्या पोटात काही पडल्याशिवाय शीड हलत नाही, हे इथे खर्चाच्या बाजूला लिहिलेले आहे.

आता एका वादाच्या गोष्टीकडे येतो. ठराविक अंतराने जहाजावर सर्वांच्या कामाचा अहवाल झळकतो. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे काम उत्कृष्ट, चांगले, बरे की रद्दी, ते सर्वांसमक्ष दिसते. कामचुकाराला मग सगळे मिळून टोचतात. आमच्या माणसांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांपैकी एक जण म्हणाला, "साहेबांना दाखवू नका, उद्या आपल्याकडे लावतील." त्याचे म्हणणे खोटे नाही. अशा अहवालाने मागे पडलेल्याला हात देण्याऐवजी हाकलण्याचीच सवय लागते. पण दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. अहवाल सर्वांना दिसतो, एकट्या मालकाला नाही. आणि लूट वाटण्याचे नियमही उघड असतात. जहाजाच्या रम-गोळ्यांसाठी काही भाग बाजूला काढून उरलेली लूट टोळीने ठरवलेल्या पद्धतीने वाटली जाते. टोळीचा कारभार एकट्या कप्तानाने करावा, वरिष्ठांनी करावा की मतदानाने चालावा, हेही टोळीच्या नियमांत ठरलेले असते. बाहेरून एका फेरीपुरता आलेला मजूर धक्क्यावरच्या फलकावर जहाजे पाहतो, वाटा पटला तर चढतो, नाही पटला तर दुसरे जहाज शोधतो.

हे खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेले नाही. १७२० च्या सुमारास अटलांटिकवर धुमाकूळ घालणाऱ्या बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावर लेखी करार होता. १७२४ साली लंडनला निघालेल्या चाच्यांच्या इतिहासग्रंथामुळे त्याची माहिती पुढे टिकली. महत्त्वाच्या बाबींत प्रत्येक माणसाला मत होते. कप्तानाला लुटीचे दोन वाटे, साध्या खलाशाला एक. त्याच काळात ब्रिटिश आरमारात माणसे बंदरांतून जबरीने धरून आणीत, आणि साध्या खलाशाचा पगार शंभराहून अधिक वर्षे वाढला नव्हता. १७९७ मध्ये स्पिटहेड येथे खलाशांनी जहाजे हलवायचे नाकारले, तेव्हा तो वाढला. त्याच वर्षी नोअर येथे उठलेल्यांचा पुढारी रिचर्ड पार्कर याला मात्र फासावर चढवले गेले. संपाला इंग्रजीत जो 'स्ट्राइक' शब्द आहे, त्याचा उगमही १७६८ साली लंडनच्या खलाशांनी व्यापारी जहाजांची शिडे उतरवून ठेवली, त्यात सांगतात. शीड उतरवणे म्हणजे स्ट्राइक. मुंबईच्या गोदीत १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांनी जे केले, ते याच वंशातले.

खेळात बेटाच्या ताब्यासाठी होणाऱ्या काही मोठ्या नाकेबंद्यांत जहाज बुडू शकते. त्या वेळी दोन्हीकडची अनेक जहाजे एकाच पटावर उतरतात, आणि बुडालेल्या जहाजावरच्या खलाशाचा डोळा, हात किंवा पाय जाऊ शकतो. मग त्याच्या चित्रात डोळ्यावर पट्टी, मनगटाला आकडा किंवा गुडघ्याखाली लाकडी खुंट दिसतो, आणि तो ते बंदरावर मिरवतो. रॉबर्ट्सच्या करारात अवयव गमावणाऱ्या माणसाला सामाईक तिजोरीतून ८०० डॉलर देण्याचे कलम होते.